रिकाम्या दिवसांचा भाव

गावात कुणाला किती सुटतं हे तिघांना नेमकं ठाऊक असतं : सोनार, दारूच्या दुकानाचा मालक आणि पिग्मीवाला. पहिले दोघं तोंड उघडत नाहीत. मी तिसरा, आणि मलाही उघडायची मुभा नाही. म्हणून नावं, गल्ल्या, गाव सगळं वगळून लिहितो. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर रस्ता आणि चंदगड रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यातली आमची गावं. घरात मराठी, उताऱ्यावर कन्नड, बाजारात दोन्ही, आणि चोर्ला घाट उतरला की कोकणी. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो लागेल तेव्हा लागेल, तोवर सीमेच्या अलीकडचा माल पलीकडे नेऊन कितीतरी चुली पेटतात, आणि त्यातल्या बऱ्याच चुलींवरचा चहा मी संध्याकाळी पितो.

पिग्मी म्हणजे काय हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी थोडक्यात : रोज दारात येऊन पन्नास, शंभर, पाचशे, जे असेल ते घ्यायचं, पावती द्यायची, वर्ष भरलं की सगळं एकदम परत. ही कल्पना उडुपीची. विणकरांचा धंदा बसला तेव्हा त्यांना हात द्यायला १९२५ मध्ये तिथं एक बँक निघाली, तीच पुढं सिंडिकेट बँक झाली, आणि १९२८ मध्ये त्या बँकेनं रोजचे दोन आणे गोळा करायला घरोघर माणसं पाठवायला सुरुवात केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी मात्र राहिली. आमच्याकडे ती आता बहुतेक सोसायट्या, म्हणजे पतसंस्था, चालवतात. वडगाव-खासबागच्या मागवाल्यांपासून गणपत गल्लीतल्या फूलवाल्यापर्यंत सगळ्यांची असते.

मला पगार नाही. जमा केलेल्या रकमेवर कमिशन आहे. ठेव गोळा करणारे हे कामगारच आहेत, असं सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये बँकांच्या बाबतीत म्हटलं होतं. सोसायट्यांच्या पिग्मीवाल्यापर्यंत ते कितपत पोचलं हे माझ्या गाडीच्या टायरकडे बघून ओळखावं. तेव्हा मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्यातलाच एक आहे, दुर्बिणीतून बघणारा कुणी नाही.

आता मशीन आलंय, बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर येते. तरी माझी जुनी वही मी सोडलेली नाही. आडव्या ओळीत माणूस, उभ्या घरांत तारखा. ज्या दिवशी पैसे मिळाले नाहीत ते घर कोरं. वर्ष संपलं की ही वही मी एकदा निवांत चाळतो, आणि भरलेल्या घरांपेक्षा कोऱ्या घरांकडे माझं लक्ष जास्त जातं. मास्तरांची, कंडक्टरची ओळ सरळ असते, बघण्यासारखं काही नाही. बघण्यासारख्या ओळी गवंड्याच्या, मोटार वाइंडिंगवाल्याच्या, गोव्याला भाजी नेणाऱ्या मावशीच्या, ब्लाऊजवर आरी वर्क करणाऱ्या पोरीच्या. यातले काही जण चांगलं कमावतात. चांगलं म्हणजे शहरात पंचवीस हजारांवर राबणाऱ्या गावच्याच पोराला ऐकून वाईट वाटेल इतकं.

आमच्या गल्लीत दोन गवंडी आहेत. एकाच मेस्त्रीच्या हाताखाली शिकलेले, हात दोघांचाही सफाईदार. चिऱ्याचं बांधकाम असो की विटेचं, ओळंबा लावून बघितला तर फरक सापडायचा नाही. पण एकाचं घर स्लॅबचं झालं, दुसऱ्याचं कौलं परतायचं दर मे महिन्यात राहून जातं. लोक म्हणतात दुसरा पितो. पितो, पण पहिलाही पितो.

फरक हिशेबाचा आहे. समजा गवंड्याचा रोज हजार रुपये. दुसरा गवंडी मनात म्हणतो, महिन्याचे तीस हजार. आता आमच्याकडचं वर्ष घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असा की कणकुंबीकडून येणाऱ्या एसटीच्या टपावर शेवाळ धरावं. बाहेरचं बांधकाम बंद. अमावास्येला काम नाही. गावची जत्रा, पै-पाहुण्यांची लग्नं, कुणाचं तरी दिवसकार्य, सिमेंट वेळेवर न आलेला दिवस, मालकानं पैसे संपले म्हणून थांबवलेला आठवडा. सगळं वजा केलं की दोनशे दिवस हाती राहतात. म्हणजे वर्षाचे दोन लाख, तीन लाख साठ हजार नव्हेत. त्यानं खर्च मात्र तीन लाख साठ हजारांच्या अंदाजानं केलेला असतो. ऑगस्टमध्ये त्याची ओळ माझ्या वहीत कोरी असते आणि सप्टेंबरात तो पिग्मी मोडायला येतो.

पहिला रोजंदारीवर जातच नाही. तो उक्तं घेतो, चौरस फुटावर. दर सांगताना त्यानं पावसाळा त्यात आधीच धरलेला असतो. मालक कुरकुरतो, 'मेस्त्री, लई सांगालाय.' हा हसतो, 'मालक, जुलैत मला घरात बसवून कोण जेवू घालणार हाय काय? मग ते आताच धरायला लागतंय की.' शिवाय जुलैत तो बसत नाही. भाताच्या लावणीला घरची माणसं असतात, हा गणपतीच्या मूर्तींच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली फिनिशिंगला जातो. मेस्त्री असून हाताखाली जायला त्याला कमीपणा वाटत नाही. चतुर्थी झाली की दिवाळीपर्यंत घरं रंगवायची कामं. माझ्या वहीत त्याच्या ओळीत कोरी घरं आहेतच, पण गेल्या वर्षापर्यंत सलग दहा कोरी कधी सापडली नव्हती.

खेड्यात राहून चांगली कमाई करणारा माणूस मी बघितला तो असा. भरल्या दिवसाची किंमत सांगताना तो रिकाम्या दिवसाचीही वसूल करतो, आणि ती मागताना लाजत नाही. कसब लागतंच, पण कसब पुष्कळांकडे असतं. भाव सांगताना ज्याची जीभ अडखळते त्याचं कसब गिऱ्हाइकाच्या घरात राहतं.

मोटार वाइंडिंगवाल्याचं वर्ष याहून निराळं. त्याची शेड कालव्याच्या वळणावर, पत्र्याची, दारात वार्निशचा वास. सरकार शेतीच्या पंपाला दहा एचपीपर्यंत वीज फुकट देतं, पण थ्री फेज ठरावीक तासच, आणि तेही कधी दिवसा कधी रात्री. करंट आला की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. व्होल्टेज पडतं, स्टार्टरमध्ये कुणीतरी जुगाड करून ठेवलेला असतो, मोटार जळते. ऊस वाळतोय, म्हणजे शेतकऱ्याला आज रात्रीच मोटार हवी. फेब्रुवारी ते मे या माणसाला जेवायला फुरसत नसते. कप्पी आणि तिपाई टाकून बोअरमधून पाइप उपसायचे, मोटार खोलायची, जळकी तार हातोडी-छिन्नीनं तोडून काढायची, स्टेटरच्या खाचा साफ करायच्या, नवी कॉइल मोजून गुंडाळायची. वेढे मोजताना तो कुणाशी बोलत नाही. मी पिग्मीला गेलो तरी बोटानं थांबा म्हणतो, ओठ हलत असतात.

त्याच्या दरात एक गोष्ट अशी की नवख्याला कळत नाही : जळकं तांबं कुणाचं? मोटारीतून निघालेली जुनी तार भंगारात किलोवर जाते, आणि तांब्याचा भाव काही लहान नाही. शेतकरी ती परत मागत असेल तर मजुरी वेगळी, त्याच्याकडेच सोडत असेल तर वेगळी. तो हे आधी विचारतो, सगळ्यांसमोर विचारतो. ज्यानं विचारलं नाही त्या दुसऱ्या एका वाइंडिंगवाल्याचं दुकान तांब्याच्या भांडणातच बसलं.

जून लागला की मोटारी गप. मग हा मिक्सर आणि फॅन भरतो, दिवसाला दोनशे-तीनशेची कामं. मी एकदा म्हटलं, 'मार्चमधी शेतकरी अडलेला असतोय, तेव्हा तू जास्त घेतोस असं लोक म्हणतात.' तो म्हणाला, 'जूनची भाकरी मार्चमधीच थापून ठेवायला लागते काका. खरं उधारी पण मीच थांबतोय की, ऊसाचं बिल येईपर्यंत.' हेही खरंच. त्याच्या निम्म्या शेतकऱ्यांचे पैसे कारखान्याच्या बिलावर अडकलेले असतात. म्हणजे तो मोटार भरतो आणि वर बिनव्याजी कर्जही देतो. हे व्याज त्याच्या दरात आहे, फक्त पावतीवर छापलेलं नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात केंद्राची विश्वकर्मा योजना आली. अठरा धंद्यांना पाच टक्क्यांनी कर्ज, आधी एक लाख, मग दोन. त्यात गवंडी आहे, शिंपी आहे, फुलांचे हार करणारा आहे, चिलखत-शस्त्रं करणारासुद्धा आहे. मोटार वाइंडिंगवाला नाही. आमच्या तालुक्यात चिलखताची ऑर्डर कुणाला मिळते ते बघायला पाहिजे.

भाजीच्या मावशीबद्दल मात्र जरा सावकाश सांगायला हवं, कारण तिच्या ओळीनं मला पहिल्यांदा चकवलं होतं. सगळ्यांची ओळ पावसात ओस पडते, हिची पावसात भरते.

गोव्याच्या ताटातली बरीचशी भाजी बेळगावच्या बाजूनं जाते. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, गाजर, ढबू मिरची, कोथिंबीर. मोठा माल मार्केटमधून ट्रकनं जातो. मावशीचा माल म्हणजे सात-आठ बुट्ट्या. मध्यरात्रीनंतर टेम्पो निघतो, भाडं बुट्टीमागे. पाच-सहा बायका, मागे भाजी, वर ताडपत्री. चोर्ला उतरून उजाडायच्या आत साखळीला, शुक्रवार असेल तर म्हापशाला. तिथं ती तराजू काढतच नाही. वाटे लावते. वाटा लावणं हीसुद्धा कलाच आहे. वरची दोन गाजरं अशी ठेवायची की खालची चार सरळ वाटावीत, पण गिऱ्हाईक घरी जाऊन शिव्या देणार नाही इतपतच. कारण पुढच्या शुक्रवारी तेच गिऱ्हाईक येणार. 'कितें जाय बाये?' असं ती इतकं सहज विचारते की म्हापशेकर तिला पेडण्याची समजतात. बेळगावात आली की भाजीच्या दलालाशी कन्नडमध्ये भांडते. शाळा चौथी.

तिची ओळ पावसात भरते ती समुद्रामुळे. १ जून ते ३१ जुलै गोव्यात मासेमारीच्या ट्रॉलरना बंदी असते. मासळी महाग होते. ती बंदी उठते न उठते तोच श्रावण लागतो आणि निम्मा गोवा शाकाहारी होतो. मग चवथ. सलग तीन महिने भाजीला भाव. त्याच तीन महिन्यांत इकडच्या शिवारात पाणी साचून भाजी कुजते आणि घाटात दरड येते. कोथिंबिरीची पेंडी तेव्हा सोन्याच्या भावानं. मावशी एप्रिलपासूनच दोन माळाच्या शेतकऱ्यांना शब्द देऊन ठेवते, उतार असलेली लाल जमीन बघून, पाणी ठरणार नाही अशी. त्यांना आगाऊ पैसे देते. ते पैसे कुठून? मागच्या वर्षीच्या पिग्मीतून. ती पिग्मी बरोबर एप्रिलमध्ये संपेल अशी लावते, आणि पाच-सहा वर्षांत तिनं तारीख चुकवलेली नाही.

एकदा मी तिला शहाणपण शिकवायला गेलो. म्हटलं, मावशी, पिग्मीला व्याज कमी, पोस्टात आरडी लाव. तिनं विचारलं, आरडीला दर महिन्याला किती? म्हटलं, ठरवशील तेवढे, खरं दर महिन्याला तेवढेच. ती म्हणाली, 'आज म्हापशाला पाऊस लागला, बुट्टी तशीच परत आली, तर पोस्टमास्तर दारात येऊन वीस रुपये घेतोय काय?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि माझं कमिशनही वाचलं, म्हणून मी गप्प बसलो.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला सांगतो, सोसायटीचे चेअरमन ऐकत असले तरी. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. सोसायटीतल्या ठेवीला ते नाही. आमच्या भागात सोसायट्या बुडालेल्या आहेत, लोकांनी मुलींच्या लग्नाचे पैसे गमावलेले आहेत. वर्ष भरलं की रक्कम उचला, मोठी झाली तर बँकेत टाका, कागद नीट बघा. रिकाम्या दिवसांसाठी साठवलेले पैसेच रिकामे निघाले तर काय करायचं, याचं उत्तर कुणाच्याच दरात बसवता येत नाही.

तशा आणखीही गोष्टी दरात बसत नाहीत. पहिल्या गवंड्याचा गुडघा गेल्या वर्षी गेला. स्कॅफोल्डिंगवरून पडला वगैरे काही नाही, नुसता झिजला. पावसाळा दरवर्षी जूनमध्ये येतो म्हणून तो मोजता येतो. गुडघा सांगून जात नाही. माझ्या वहीत त्याची सलग दहा कोरी घरं तेव्हा पहिल्यांदा आली, आणि मग महिनाभर आली. त्यानं दोन पोरं हाताखाली घेतली, स्वतः खुर्चीवर बसून ओळंबा बघतो. उक्तं घेत होता म्हणून हे जमलं. रोजंदारीवाला असता तर खुर्चीवर बसायचे पैसे कुणी दिले नसते. तरी कमाई उतरली, आणि त्याला ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. खेड्यात धंदा करून लोक कसे राजासारखे राहतात असं लिहिणाऱ्यांनी हा महिना वगळू नये.

दुसऱ्याच्या घरी त्याच काळात फायनान्सच्या गटातल्या बायका हप्त्यासाठी पायरीवर बसल्या होत्या. एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांवर बसतो, मग शेजारीणच वसुलीवाली होते. अशी वसुली कर्नाटकभर इतकी हाताबाहेर गेली की फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. त्या घराचं कर्ज मुळात होतं कशाचं? कुठल्याही चैनीचं नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये खाल्लेल्या तांदळाचं.

कागदाचा प्रश्न निराळा. चांगली कमाई असून ती कागदावर कुठंच नाही, म्हणून घरबांधणीचं कर्ज मिळत नाही. आणि ती कागदावर यायला लागली की भीती वाटते. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूकडच्या छोट्या दुकानदारांना फोन-पेवरच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा आमच्या गावातल्या चहावाल्यानंही क्यूआर कोडवर कॅलेंडर लटकवलं. नुसत्या मालाच्या धंद्याला वर्षाची चाळीस लाखांची आणि चहा-खाण्याच्या धंद्याला वीस लाखांची मर्यादा आहे, अरे तुझी गाडी महिन्याला किती करते, असं समजावलं तरी महिनाभर ते कॅलेंडर तिथंच. त्याला नोटीस आली नसती. पण या लोकांशी सरकारी कागद आजवर चांगलं कधी बोललेला नाही, आणि आमच्याकडे तर तो बोलतो तेही अर्ध्यांना वाचता येत नाही.

लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. मोटार वाइंडिंगवाल्याच्या लहान भावाचं स्थळ बघायला चंदगडकडचे पाहुणे आले होते. पोरगा भावाबरोबरच काम करतो. पाहुण्यांपैकी एक मामा संध्याकाळी मला रस्त्यात गाठून म्हणाले, 'पिग्मी किती टाकतंय पोरगं, तेवढं सांगा की.' सांगता येत नाही म्हटलं. ते म्हणाले, 'आकडा नको, खरं खाडा किती पडतोय तेवढं सांगा.' मला माणूस आवडला. एवढं नेमकं मला आजवर कुठल्या बँक मॅनेजरनं विचारलेलं नाही. तेही सांगितलं नाही, पण हसलो असेन. लग्न ठरलं. पत्रिकेत मात्र पोराच्या नावापुढं 'इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर' असं छापलं.

राहिली आरी वर्कवाली. माझ्या वहीतला सगळ्यात हुशार हात आणि सगळ्यात वाईट हिशेब. लाकडी चौकटीवर कापड ताणून, आकडीच्या सुईनं खालून दोरा ओढत, एकेक मणी, जरी, कुंदन भरत नवरीचं ब्लाऊज करायचं. एका ब्लाऊजला तीन-चार दिवस जातात, पाठ-गळा भरगच्च असेल तर आठवडा. ती मणी मोजायची, दोरा मोजायची, कापड मोजायची. त्यावर थोडे पैसे ठेवून भाव सांगायची. दिवस मोजायचीच नाही. कारण घरातच बसून करते, सासूला पाणी देता देता करते, मग त्याचे कसले पैसे, असं तिलाही वाटायचं आणि गिऱ्हाइकाला तर वाटायचंच. गोव्याची मावशी निदान घर सोडून मध्यरात्री निघते, म्हणून तिचा दिवस दिसतो. घरात बसून काम करणारीचा दिवस कुणाला दिसत नाही. तुळशीच्या लग्नानंतर हिची वही भरायची, चातुर्मासात साफ कोरी. वर्षाची बेरीज गवंड्याच्या निम्मीही नाही.

मी काही बोललो नाही, आपल्याला काय अधिकार. बोलली भाजीची मावशी. दोघी शेजारी. एका दुपारी पायरीवर बसून मावशीनं तिच्याकडून एका ब्लाऊजचा हिशेब वदवून घेतला, दिवसाला रोजंदारीच्या बाईचा पगार धरून. बेरीज ऐकून पोरगी म्हणाली, 'एवढं कोण देणार?' मावशी म्हणाली, 'जे देत नाहीत ती घरात बसून मणी ओवू देत.'

यंदा दिवाळीनंतर तिच्या दारात पुठ्ठ्यावर लिहिलेला दर लागला आहे. साधा गळा, भरलेला गळा, बाह्या वेगळ्या, आठ दिवसांच्या आत हवं असेल तर दीडपट, निम्मे पैसे आधी. पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकं कमी झाली. माझ्या वहीत दिसलं ते. मग शहापूरकडची दोन मोठी कामं आली आणि ओळ सावरली. आमच्या भाचीच्या लग्नाचे ब्लाऊजही तिच्याकडेच टाकले. गल्लीतलीच आहे, थोडं कमी होईल का, असं बायकोनं जाऊन विचारून बघितलं. झालं नाही. वर निम्मे पैसे आधी मागितले.